कलकत्त्याच्या तुरुंगातले लाँगसाहेब

उत्तर कलकत्त्यातल्या बटतला भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गल्लोगल्ली हातछापखाने चालत. पंचांगं, पुराणकथा, प्रहसनं, शृंगारिक पोथ्या, औषधांच्या वह्या असं काय वाटेल ते तिथे स्वस्त कागदावर छापलं जाई आणि फेरीवाले ते डोक्यावर घेऊन खेडोपाडी विकायला निघत. शहरातल्या गोऱ्या साहेबांना या मालाची खबर नव्हती, आणि इंग्रजी शिकलेल्या बंगाली बाबूंना त्याची लाज वाटे. एक आयरिश पाद्री मात्र या छापखान्यांची माहिती ध्यास घेतल्यासारखी गोळा करत होता. यंदा काय छापलं, किती प्रती काढल्या, किंमत काय ठेवली, घेतं कोण, सगळं तो वहीत टिपून ठेवी. त्याचं नाव रेव्हरंड जेम्स लाँग.

१८५५ साली त्यांनी सुमारे १४०० बंगाली पुस्तकांची वर्णनात्मक सूची छापली. मग १८५७ या एका वर्षाचा हिशेब मांडून सरकारला दिला. त्या वर्षी कलकत्त्यात ३२२ बंगाली पुस्तकं निघाली आणि विक्रीसाठी छापलेल्या प्रती पावणेसहा लाखांच्या आसपास गेल्या. लाँग यांनी या आकड्याला एक पुस्ती जोडली. एक प्रत एकच माणूस वाचत नाही, एक जण मोठ्यानं वाचतो आणि भोवती बसलेले ऐकतात, म्हणून एका पुस्तकामागे सरासरी दहा माणसं धरावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांच्या घरी संध्याकाळी पांडवप्रताप किंवा हरिविजय लावला जाई, त्यांना हे समजावून सांगायला नको. सरकारी कारकुनाच्या तक्त्यात मात्र असा ऐकणारा माणूस कधी येत नसे. लाँग यांनी तो मोजला. मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या ग्रंथांची सूची केली, त्या जातीचं हे काम होतं आणि तेही परक्या भाषेत.

त्याच अहवालात लाँग यांनी राज्यकर्त्यांना एक कडू गोष्ट सुनावली. दिल्लीकडची देशी वर्तमानपत्रं १८५७ च्या जानेवारीत कुणी नीट वाचली असती, तर लोकांच्या मनात काय शिजतंय ते तेव्हाच कळलं असतं. राज्य करायचं आणि रयतेची भाषा वाचायची नाही, यातला धोका ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. पुढे त्यांच्यावर जे ओढवलं, त्याचं मूळ या एका आग्रहात आहे.

लाँग यांचा जन्म १८१४ सालचा, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या बँडन गावचा. लंडनमधल्या इस्लिंग्टनच्या मिशनरी कॉलेजात त्यांचं शिक्षण झालं, त्यांनी अँग्लिकन पंथाची दीक्षा घेतली आणि १८४० साली चर्च मिशनरी सोसायटीतर्फे ते कलकत्त्याला उतरले. काही वर्षं शहरातल्या मिशनच्या शाळेत शिकवल्यावर ते ठाकुरपुकुरला गेले. आज ते कोलकात्याचं उपनगर आहे, तेव्हा खेडं होतं. शेतकऱ्याच्या पोराला त्याच्याच भाषेत शिकवावं, म्हणजे जमीनदाराची पावती आणि सावकाराचा कागद त्याला वाचता येईल, हे त्यांचं शिक्षणाबद्दलचं साधं मत होतं. धर्मांतर हे त्यांचं कामच होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. ब्रिटिश राज्य बुडावं असंही त्यांना वाटत नव्हतं. उलट हे राज्य टिकायचं असेल तर रयतेचं गाऱ्हाणं ऐका, एवढंच ते सांगत. त्यांना क्रांतिकारक ठरवण्यात अर्थ नाही. पण त्या काळच्या कलकत्त्यात एवढं सांगणंही मोठं धाडसाचं होतं.

कारण बंगालात नीळ पिकत होती.

निळीचं झाड गुडघा-कमरेएवढं, पाला साधाच हिरवा. पावसाळ्याच्या तोंडाला ते कापून, मोळ्या बांधून, बैलगाडीनं किंवा होडीनं कोठीवर नेत. तिथे वरचे आणि खालचे असे विटांचे मोठे हौद असत. वरच्या हौदात पाला रात्रभर पाण्यात कुजवायचा, ते पाणी खालच्या हौदात सोडायचं. मग कमरेएवढ्या पाण्यात माणसं रांगेनं उभी राहत आणि वल्ह्यासारख्या दांड्यांनी ते पाणी तासन्‌तास झोडपत. हिरवट पाणी हळूहळू निळं होई. तळाशी बसलेला गाळ उकळायचा, फडक्यातून गाळायचा, दाबून त्याच्या वड्या पाडायच्या, वड्यांवर कोठीचा शिक्का मारायचा आणि त्या सुकवायच्या. पेट्या भरून हा माल लंडनला जाई आणि तिथून युरोपभरच्या कापड रंगवणाऱ्यांकडे.

हौदावरचे मजूर मजुरी घेत. खरा भरडला जाई तो शेतकरी. मळेवाले, ज्यांना बंगालीत नीलकर म्हणत, ते शेतकऱ्याला बिघ्यामागे साधारण दोन रुपये उचल देत. बंगालीत या उचलीला दादन म्हणतात. आपल्याकडे ऊसतोडणीला जाणाऱ्या माणसाला उचल म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. एकदा घेतली की ती फिटत नाही. भात जिथे उत्तम येई त्याच जमिनीत नीळ पेरावी लागे. पीक कोठीवर नेलं की मोळीभोवती साखळी आवळून मापं घेत आणि साखळी आवळणारा हात कोठीचा असे. भाव इतका पडका की वर्षाअखेर उचल वळती झाल्यावर शेतकऱ्याच्या नावावर बाकीच निघे. बाप मेला की ती बाकी पोराच्या नावे चढे. कुणी नकार दिला तर कोठीचे लाठीवाले येत, गुरं हाकून नेत, माणसाला गोदामात कोंडत. चाबकालाही नाव होतं, श्यामचंद.

१८५९ साली बारासातचे मॅजिस्ट्रेट अ‍ॅशली ईडन यांनी आपल्या हद्दीत भूमिका घेतली की आपल्या जमिनीत काय पेरायचं हे रयतेनं ठरवावं. त्यांच्या हाताखालच्या हेमचंद्र कर या डेप्युटी मॅजिस्ट्रेटनं तसा जाहीरनामा काढला. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. नदिया आणि जेसोर जिल्ह्यांतल्या गावांनी नीळ पेरायला साफ नकार दिला. चौगाछाचे विष्णुचरण आणि दिगंबर विश्वास हे एके काळी कोठीचेच नोकर, ते आता रयतेच्या बाजूनं उभे राहिले. कलकत्त्यात ‘हिंदू पेट्रियट’चे संपादक हरिश्चंद्र मुखर्जी आठवड्यामागून आठवडे या जुलमाच्या हकिकती छापत होते. सत्तावन्नच्या उठावातल्या दिल्लीच्या दिवसांनंतर आपल्याला इतकी काळजी कधी वाटली नव्हती, असं गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी लिहिलं, ते याच काळात.

सरकारनं आधी मळेवाल्यांच्या बाजूनं सहा महिन्यांचा तात्पुरता कायदा केला. उचल घेऊन नीळ न पेरणाऱ्या शेतकऱ्याला त्या कायद्यानं तुरुंगात टाकता येई. मग चौकशीला आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष बंगाल सरकारचे सचिव सेटन-कार. सदस्यांत रिचर्ड टेंपल होते. हेच टेंपल पुढे १८७७ च्या दुष्काळात मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढीच मजुरी ठरवून दख्खनच्या लोकांच्या रोषाचे धनी झाले आणि त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. आयोगानं १३४ साक्षी घेतल्या, त्यांतल्या ७७ रयतेच्या होत्या. हाजी मुल्ला नावाच्या शेतकऱ्याला विचारलं, आणखी चांगला भाव दिला तर नीळ पेरशील का? तो म्हणाला, देश सोडून जाईन, भीक मागेन, पण नीळ पेरणार नाही. लाँग यांनीही आयोगापुढे साक्ष दिली. त्यांच्याच सोसायटीचे नदियातले जर्मन मिशनरी आधीपासून या जुलमाविरुद्ध बोलत होते, आणि मळेवाल्यांच्या डोळ्यांत हे सगळे पाद्री खुपत होते.

१८६० च्या ऑगस्टात बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन पीटर ग्रँट नदीतून आगबोटीनं निघाले. साठ-सत्तर मैलांच्या त्या प्रवासात दोन्ही काठांवर माणसांच्या रांगा लागल्या होत्या. बाया वेगळ्या घोळक्यानं उभ्या होत्या. कुणी दंगा केला नाही, सगळे न्याय मागत होते. ग्रँट यांनी हे दृश्य सरकारी टिपणात लिहून ठेवलं आहे. एवढ्या लोकांचा अर्थ ज्याला कळत नाही तो राज्यकर्ता कसला, असा त्यांचा सूर होता.

याच वर्षी ढाक्याहून एक बंगाली नाटक निघालं, ‘नीलदर्पण’. लेखकाचं नाव नव्हतं, फक्त ‘कस्यचित् पथिकस्य’, कुणा एका वाटसरूचं, एवढंच. हा वाटसरू म्हणजे टपाल खात्यातले नोकर दीनबंधू मित्र. नोकरीनिमित्त ते नदीनाल्यांतून गावोगाव फिरत आणि कोठ्यांचे प्रताप जवळून पाहत. नाटकात गोलोकचंद्र बसू या सुखवस्तू शेतकऱ्याचं घर निळीपायी उद्ध्वस्त होतं. खोट्या खटल्यात तुरुंगात पडलेला बाप गळफास घेतो, मोठा मुलगा नवीनमाधव मार खाऊन मरतो, आईला वेड लागतं. क्षेत्रमणी या शेतकऱ्याच्या पोरीवर रोग नावाचा साहेब हात टाकतो. नाटक म्हणून त्यात दोष आहेत. शेवटी मरणावर मरण रचलं आहे आणि भद्र पात्रांची भाषा जड, पुस्तकी आहे. पण तोरापसारखा मुसलमान कुळंबी बोलायला लागला की खरी माती बोलते. प्रस्तावनेत लेखकानं दोन इंग्रजी वर्तमानपत्रांच्या संपादकांनी हजार रुपयांसाठी मळेवाल्यांची तळी उचलल्याचा आरोप केला होता.

पुस्तक लाँग यांच्या हाती आलं. बंगाली छापखान्यातून जे निघेल ते राज्यकर्त्यांच्या कानी घालायचं, हे काम ते वीस वर्षं करत आले होते. त्यांनी सेटन-कार यांना सांगितलं, सेटन-कार यांनी ग्रँट यांना. रयतेला काय वाटतं ते समजावं म्हणून इंग्रजी अनुवाद करवून घ्यायचं ठरलं. लाँग यांनी अनुवाद तपासला, स्वतः प्रस्तावना लिहिली आणि मॅन्युएल नावाच्या मुद्रकाकडून छापून घेतलं. सेटन-कार यांनी ५०० प्रती काढवल्या. ग्रँट यांच्या मनात थोड्या प्रती होत्या, आणि त्या वाटल्या जाणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांतल्या २०२ प्रती सरकारी लखोट्यांतून, बिनपैशाच्या सरकारी टपालानं, पार्लमेंटातल्या सभासदांना आणि इतर वजनदार माणसांना रवाना झाल्या.

मळेवाल्यांना आग लागली ती त्या लखोट्यांमुळे. बंगालीत हजारांनी वाचलं तरी त्यांचं काही बिघडलं नव्हतं. पण तेच आता इंग्रजीत, सरकारी शिक्क्यानिशी, लंडनच्या टेबलांवर जाऊन पडलं. त्यांच्या संघटनेनं आणि प्रस्तावनेतल्या त्या दोन वर्तमानपत्रांपैकी एक असलेल्या ‘इंग्लिशमन’चे संपादक वॉल्टर ब्रेट यांनी आधी मुद्रकाला कोर्टात खेचलं. लाँग यांच्या संमतीनं मॅन्युएलनं त्यांचं नाव सांगितलं आणि तो दहा रुपये दंडावर सुटला. मग लाँग यांच्यावर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला उभा राहिला.

१८६१ च्या जुलैची १९, २० आणि २४ तारीख. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सर मॉर्डंट वेल्स बसले होते. बंगाली माणसं जात्या खोटारडी असतात, असं न्यायासनावरून बोलून त्यांनी आधीच रोष ओढवून घेतलेला होता. आरोप दोन होते. एक, दोन वर्तमानपत्रांच्या संपादकांची बदनामी. दोन, निळीच्या मळेवाल्यांच्या सबंध वर्गाची बदनामी. एखाद्या वर्गावर लिहिलेलं नाटक बदनामी ठरवायचं तर युरोपातल्या कितीतरी लेखकांना पिंजऱ्यात उभं करावं लागेल, असा बचावाच्या वकिलांचा रोख होता. नाटकातलं खरं किती, हे तपासायला कोर्ट तयार नव्हतं. एका वर्षापूर्वी ७७ शेतकऱ्यांनी सरकारी आयोगापुढे शपथेवर सांगितलेल्या हकिकतींना त्या खोलीत जागाच नव्हती. वेल्स यांनी ज्यूरीला जे समजावून सांगितलं त्यात त्यांचा कौल झाकला गेला नाही. ज्यूरीनं लाँग यांना दोषी ठरवलं.

शिक्षेआधी लाँग यांनी आपलं निवेदन वाचून दाखवलं. आपण पैशासाठी किंवा कुणाच्या द्वेषापोटी हे केलं नाही. देशी लोकांच्या मनातलं युरोपियनांपर्यंत पोचवणं हे आपण मिशनरी म्हणून आपलं कर्तव्य मानत आलो. रयतेचा राग दिसेनासा केला म्हणून तो नाहीसा होत नाही, आणि सत्तावन्ननंतर तरी हे कळायला हवं. कोर्ट गच्च भरलेलं, बाहेर पावसाचे दिवस, आणि सत्तेचाळिशीचा एक पाद्री हातात कागद धरून हे वाचतो आहे. अनुवाद कुणी केला ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी नाव घेतलं असतं तर तो माणूस, मग तो कुणीही असो, नोकरीला आणि कदाचित अंगावरच्या कपड्यालाही मुकला असता.

एक महिना कैद आणि एक हजार रुपये दंड, ही शिक्षा झाली. कालीप्रसन्न सिंह या विशीतल्या जमीनदार तरुणानं तिथल्या तिथे हजार रुपये मोजून दिले. हेच कालीप्रसन्न पंडितांच्या मदतीनं सबंध महाभारत बंगाली गद्यात आणत होते. दंड कुणीही भरू शकतो, कैद मात्र स्वतःच भोगावी लागते. लाँग तुरुंगात गेले आणि तो महिनाभर कलकत्त्यातली बंगाली माणसं या गोऱ्या पाद्र्याच्या गोष्टी घरोघर बोलत राहिली. वेल्स यांच्या वागण्याविरुद्ध राधाकांत देव यांच्या वाड्यात मोठी सभा भरली. सनातनी हिंदूंचा पुढारी ख्रिस्ती धर्मोपदेशकासाठी सभा बोलावतो, हे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

या सगळ्याची झळ इतरांनाही लागली. हरिश्चंद्र मुखर्जी खटल्याआधी महिनाभर, १४ जूनला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारले होते. तरी आर्चिबाल्ड हिल्स नावाच्या मळेवाल्यानं त्यांच्यावर लावलेला दावा त्यांच्या विधवेविरुद्ध पुढे रेटला. सेटन-कार यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करून सचिवपद सोडावं लागलं. वरिष्ठांनी ग्रँट यांनाही बोल लावला. पुढच्या वर्षी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात महाराज लायबल केस गाजली. वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लिहिणाऱ्या करसनदास मुळजींच्या बाजूनं डॉ. भाऊ दाजी साक्षीला उभे राहिले आणि तिथल्या न्यायमूर्तींनी लिहिणाऱ्याची बाजू उचलून धरली. एकाच कायद्याची, एकाच साम्राज्याची दोन कोर्टं. मुंबईत प्रतिवादी देशी पत्रकार होता आणि दुखावलेले होते मंदिराचे महाराज. कलकत्त्यात दुखावलेले होते साहेबलोक. निकाल कुठे कसा लागला, याचं उत्तर पुष्कळसं या फरकात आहे, असं मला वाटतं.

तुरुंगातून सुटल्यावर लाँग यांनी आपलं काम पुढे चालू ठेवलं. १८६३ साली ते रशियाला गेले. दोनच वर्षांपूर्वी तिथे भूदासांना मुक्त केलं होतं आणि जमिनीला बांधलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. परतल्यावर क्रिलोव्हच्या रशियन बोधकथा त्यांनी कलकत्त्यात इंग्रजीतून छापल्या. १८६७ साली मेरी कार्पेंटर बाईंच्या भेटीनंतर बंगाल सोशल सायन्स असोसिएशन निघाली, तिच्या स्थापनेत ते होते. त्यांचं सगळ्यात आवडतं काम मात्र म्हणी गोळा करण्याचं. नाव, नदी, नांगर, सासू, सावकार, जमीनदार, कशावरची म्हण सुटायची नाही. बायकांच्या तोंडच्या म्हणी त्यांनी मुद्दाम टिपल्या, कारण छापील पुस्तकांत त्या सापडत नसत. ‘प्रवादमाला’ या नावानं त्यांचे संग्रह निघाले.

१८७२ साली लाँग कायमचे इंग्लंडला गेले. त्याच वर्षी ७ डिसेंबरला कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरनं तिकीट लावून आपला पहिला खेळ केला, आणि तो होता ‘नीलदर्पण’चा. पुढे हे नाटक उत्तर हिंदुस्थानात फिरलं, लखनौला गोऱ्या प्रेक्षकांनी खेळात गोंधळ घातला, आणि १८७६ साली सरकारनं नाटकांना लगाम घालणारा कायदा आणला. पुढे मराठी रंगभूमीलाही सरकारच्या धाकाची ओळख झाली. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वरची बंदी आपल्याला ठाऊक आहेच.

लाँग २३ मार्च १८८७ ला लंडनमध्ये वारले. अनुवाद मायकेल मधुसूदन दत्तांनी केला, असं पुढे बंकिमचंद्रांनी लिहिलं, आणि अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. मूळ नाटकावर ‘कुणा एका वाटसरूचं’ एवढंच होतं. इंग्रजी अनुवादाच्या पहिल्या पानावरही अनुवादकाच्या जागी फक्त ‘एका देशी माणसानं केलेला’ असं छापलं आहे.